कोठडीबाहेरचा तुरुंग : अंदमानची भूमी कशी पाहावी

अंदमानचे नाव उच्चारताच मराठी सुशिक्षिताच्या डोळ्यांसमोर प्रथम एक इमारत उभी राहते : मध्यभागी मनोरा, त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात बाजू आणि त्यांत ओळीने मांडलेल्या शेकडो कोठड्या. या प्रतिमेच्या शेजारी अलीकडच्या काळात दुसरी एक प्रतिमा येऊन बसली आहे. ती म्हणजे निळे पाणी, पांढरी वाळू, नारळीची बने आणि शहरी गजबजाटापासून दूर असलेली शांतता. प्रवासी या दोन्ही प्रतिमा बरोबर घेऊनच बेटावर उतरतो. दिवसाचे दोन-तीन तास तो पहिलीला देतो आणि उरलेला काळ दुसरीला. तुरुंग पाहून झाला, आता बेट पाहू, अशी ही सरळ विभागणी असते.

ही विभागणी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अंदमानात तुरुंग बेटावर बांधला गेला, हे विधान अपुरे आहे. सेल्युलर तुरुंगाची पहिली वीट बसण्यापूर्वी अडतीस वर्षे बेट हेच तुरुंग होते, आणि ती इमारत पूर्ण झाल्यावरही बहुसंख्य बंदिवान तिच्या भिंतींबाहेरच शिक्षा भोगीत होते. आज प्रवाशाला जी रमणीय भूमी दिसते, तिचा पोर्ट ब्लेअरभोवतीचा बराचसा भाग त्या बंदिवानांच्या श्रमाने घडलेला आहे. म्हणून प्रश्न असा की, ज्यांनी भूमी घडविली पण ज्यांच्या नावाची कोठडी दाखविता येत नाही, त्यांचा शोध अभ्यासकाने कोठे घ्यावा?

१. काळे पाणी : कोकणच्या काठावरून

‘काळे पाणी’ या शब्दाचा अर्थ लावण्यासाठी आपल्याच किनाऱ्यापासून आरंभ करणे सोयीचे होईल. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीकडे उतरणाऱ्या सखल प्रदेशात गडब हे गाव आहे. या बाजूच्या खाऱ्या जमिनीचा पट्टा खारेपाट म्हणून ओळखला जातो. येथील भातशेती भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली असते. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, आणि पुढील काही वर्षे त्या जमिनीतून पीक हाती लागत नाही. अशा प्रदेशातील माणसाला पाण्याची भीती ग्रंथांतून शिकावी लागत नाही. तथापि पाणी म्हणजे भिंत, असेही त्याला कधी वाटलेले नाही. खाडी हा त्याचा पिढ्यान्पिढ्यांचा रस्ता होता. धरमतरहून भात आणि मीठ घेऊन गलबते मुंबईला जात, आणि पुढे आगबोटीही धावू लागल्या.

समुद्रपर्यटनाने जात जाते या समजुतीमुळे हिंदी लोकांना काळ्या पाण्याची शिक्षा मरणाहून भयंकर वाटते, असे ब्रिटिश अधिकारी वारंवार लिहीत असत. उत्तरेकडील उच्चवर्णीय शिपायांच्या बाबतीत त्यात तथ्य होते. परंतु कोळी, आगरी, भंडारी, खारवी अशा ज्या समाजांचा निर्वाह समुद्रावर किंवा समुद्राकाठी होत होता, त्यांच्या बाबतीत हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. परतीची वाट मोकळी असते तोवरच समुद्र हा रस्ता असतो. ती वाट आणि घरची वार्ता ही दोन्ही शिक्षेने तोडली, म्हणजे तेच पाणी काळे होते. शिक्षेचे मर्म ओलांडलेल्या पाण्यात कमी आणि तुटलेल्या संबंधांत अधिक होते.

याचे उदाहरण गडबहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच, पनवेलजवळच्या शिरढोण या गावी मिळते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तेथे 1845 मध्ये झाला. 1879 मध्ये त्यांना जन्मठेप हद्दपारीची शिक्षा झाली आणि एडनला पाठविण्यात आले. एडन त्या वेळी मुंबई सरकारच्या अमलाखाली होते. 1880 च्या ऑक्टोबरमध्ये ते तुरुंगातून निसटले, परंतु लवकरच पुन्हा पकडले गेले. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत ज्याला आश्रय देणारी माणसे होती, त्याला एडनच्या उघड्या माळावर कोणीच नव्हते. 17 फेब्रुवारी 1883 रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या बाबतीत तुरुंगाची भिंत पडली, तरी तुरुंग संपला नाही.

उलट बाजूची उदाहरणेही आपल्या प्रदेशात आहेत. सिंगापूर व मलाक्का या बाजूंकडील चिनी आणि मलायी बंदिवान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवले जात. तेथील भाजीपाल्याच्या मळ्यांशी त्यांचे श्रम निगडित आहेत, आणि एका धबधब्याच्या इंग्रजी नावात त्यांची आठवण आजही उरली आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 पासून 1916 मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत राहिला. आपण ज्यास थंड हवेचे ठिकाण अथवा आंब्याचा गाव म्हणतो, तेच दुसऱ्याचे काळे पाणी होते. तात्पर्य, कोणतीही भूमी स्वभावतः तुरुंग नसते. एका राज्यव्यवस्थेने नकाशावर माणसे इकडून तिकडे हलविली की ती तुरुंग बनते.

२. समुद्राची भिंत आणि अरण्याची भिंत

अंदमानात इंग्रजांची पहिली वसाहत 1789 मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर याने केली. ती 1792 मध्ये बेटाच्या ईशान्येकडील बंदरात हलविण्यात आली आणि रोगराईमुळे 1796 मध्ये सोडून द्यावी लागली. त्यानंतर साठ वर्षे तिकडे लक्ष गेले नाही. 1857 च्या उठावानंतर मात्र हजारो बंदिवानांची व्यवस्था कोठे लावावी, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. डॉ. मौअट यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस बेटांची पाहणी केली आणि ब्लेअरचे जुने बंदर पुन्हा निवडले. 10 मार्च 1858 रोजी आग्र्याच्या तुरुंगाचा माजी अधीक्षक डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे बंदिवानांसह ‘सेमिरॅमिस’ या जहाजातून तेथे उतरला. उतरणाऱ्यांसाठी तेथे एकही इमारत नव्हती. पहिले काम होते झाडे तोडण्याचे.

पुढील तीन महिन्यांचा हिशोब सरकारी कागदांत नोंदलेला आहे. जूनच्या मध्यापर्यंत 773 बंदिवान बेटावर आणले गेले. त्यांपैकी 64 रुग्णालयात मेले, 140 पळाले व पुन्हा सापडले नाहीत, एकाने आत्महत्या केली आणि पळण्याच्या प्रयत्नाबद्दल 87 जणांना फाशी देण्यात आले. उरले 481. म्हणजे शंभर दिवसांच्या आत तीनांपैकी एकाहून अधिक माणूस नाहीसा झाला. फाशीचा हा सपाटा कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारलाही मान्य झाला नाही.

या आकड्यांतील 140 ही संख्या विशेष बोलकी आहे. हे लोक समुद्र पोहून जाण्यासाठी निघाले नव्हते. ते अरण्यात शिरले होते. पलीकडे ब्रह्मदेशाला लागणारी वाट असावी, अशी काहींची समजूत होती. परंतु अरण्यात अन्न ओळखीचे नव्हते, आणि तेथील मूळ रहिवाशांना आपल्या भूमीत शिरणारा प्रत्येक परका माणूस शत्रू वाटत होता. शासनाला भिंत बांधण्याची गरजच पडली नाही. समुद्र एका बाजूने आणि अरण्य दुसऱ्या बाजूने भिंतीचे काम करीत होते. पळालेल्यांपैकी दूधनाथ तिवारी हा बंदिवान सुमारे वर्षभर अंदमानी लोकांत राहिला. 1859 च्या मे महिन्यात ते वसाहतीवर हल्ला करणार असल्याची बातमी त्याने आधी येऊन दिली, आणि ॲबर्डीनची चकमक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रसंगात अंदमानी लोकांचा पराभव झाला. बातमी देणाऱ्याला पुढे माफी मिळाली.

या चकमकीचा दीर्घकालीन अर्थ त्या दिवसाच्या जयापजयाहून मोठा आहे. बंदिवानांची कुऱ्हाड ज्या अरण्यावर चालत होती, ते कोणाचे तरी घर होते. ग्रेट अंदमानी या समूहाची संख्या 1858 मध्ये काही हजारांच्या घरात असावी. वसाहतीबरोबर आलेले रोग आणि 1877 ची गोवराची साथ यांनंतर 1901 च्या जनगणनेत ती 625 भरली, आणि 1961 मध्ये अवघी 19 उरली. ज्यांना कोणत्याही न्यायालयाने शिक्षा दिली नव्हती, त्यांनीच या तुरुंगाची सर्वांत जबर किंमत मोजली.

३. श्रमाची वसाहत

वसाहत स्थिरावल्यावर शिक्षेची एक क्रमबद्ध पद्धती तयार झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे स्वरूप पुढीलप्रमाणे होते. जन्मठेपेचा बंदिवान प्रथम सहा महिने सेल्युलर तुरुंगात एकांतवासात राही. नंतर दीड वर्ष त्याला इतरांबरोबर तुरुंगात कष्टाचे काम करावे लागे. पुढील तीन वर्षे तो बराकीत राही. रात्री कुलूपबंद आणि दिवसा पहाऱ्याखाली बाहेरचे काम, असा त्याचा क्रम असे, आणि मोबदला काही मिळत नसे. त्यानंतरच्या पाच वर्षांत त्याला अल्प भत्ता मिळे आणि देखरेखीची लहानसहान कामे वाट्याला येत. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर चांगल्या वर्तनाच्या बंदिवानास परवाना मिळून तो ‘स्वावलंबी’ ठरे. त्याला गावात राहून शेती करता येई, गुरे पाळता येत, लग्न करता येई किंवा देशातून कुटुंब बोलावून घेता येई. परंतु वसाहत सोडून जाता येत नसे, आणि निरुद्योगी बसण्याचीही मुभा नव्हती. अशी एकूण वीस-पंचवीस वर्षे गेल्यावर पूर्ण सुटकेचा संभव असे.

या पद्धतीचा बारकाईने विचार केल्यास तिचे दोन हेतू दिसून येतात. एक दंडाचा आणि दुसरा वसाहत बसविण्याचा. जंगलतोड, दलदली भरून काढणे, रस्ते, विटा, चुना, दगडकाम, मीठ, नौकाबांधणी, सुतारकाम, छपाई, सफाई, इतकेच काय कार्यालयातील हिशेबही बंदिवानच करीत. माणसाला भूमीशी बांधून टाकणे आणि भूमीला माणसाच्या श्रमाने उपयुक्त करणे, ही एकाच यंत्राची दोन चाके होती.

बंदरातील लहान बेटांत या यंत्राची रचना स्पष्ट दिसते. बंदराच्या तोंडाशी असलेले रॉस बेट हे अधिकाऱ्यांचे निवासस्थान होते. जेमतेम सत्तर एकरांच्या त्या तुकड्यावर मुख्य आयुक्ताचा बंगला, चर्च, बेकरी, छापखाना, नृत्यगृह अशी सारी व्यवस्था होती. आत, खाडीसारख्या शांत पाण्यात व्हायपर बेट आहे. ब्लेअरच्या एका जहाजावरून त्याला हे नाव मिळाले. सेल्युलर तुरुंगाच्या आधीचा तुरुंग येथे होता, साखळदंडाच्या टोळ्या येथे ठेवीत, आणि फाशीचा वधस्तंभही येथेच होता. रॉसवरील नृत्यगृह आणि व्हायपरवरील वधस्तंभ ही एकाच बंदराची दोन टोके होत, हे नकाशा समोर ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

या बेटाच्या सौंदर्यावर लुब्ध झालेल्या प्रवाशांच्या मालिकेत एक नाव अटळपणे येते. 8 फेब्रुवारी 1872 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वसाहतीची पाहणी करून, आरोग्यधामासाठी जागा पाहावी म्हणून माउंट हॅरिएटवर चढला. तेथून सूर्यास्त पाहून तो खाली होपटाउनच्या धक्क्यावर उतरत असता शेर अली या पठाण बंदिवानाने त्याला भोसकून ठार केले. 11 मार्च रोजी शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी देण्यात आले. ज्या टेकडीवर राज्यकर्त्याला आरोग्यधाम दिसत होते, तिच्या पायथ्याशी बंदिवानाला काय दिसत होते, हा प्रश्न त्या सायंकाळी एका क्षणात उघडा पडला.

४. सेल्युलर तुरुंगाची जागा

मग सेल्युलर तुरुंगाची आवश्यकता का भासली? 1890 मध्ये लायल आणि लेथब्रिज या अधिकाऱ्यांनी वसाहतीची तपासणी केली. त्यांना असे आढळले की, देशातील तुरुंगापेक्षा अंदमान बरे, असे आता बंदिवानांनाच वाटू लागले आहे. उघड्या हवेतील काम, पुढे मिळणारा जमिनीचा तुकडा आणि संसाराची आशा यांमुळे काळ्या पाण्याचा धाक ओसरला होता. तेव्हा हद्दपारीच्या आरंभी काही काळ कडक एकांतवास असावा, अशी शिफारस झाली. 1896 मध्ये काम सुरू होऊन 1906 मध्ये पूर्ण झाले. इमारत तीन मजली आणि सात बाजूंची. प्रत्येक कोठडी साधारणतः साडेतेरा फूट लांब व सात फूट रुंद, आणि झरोका हात न पोहोचणाऱ्या उंचीवर. एका बाजूच्या कोठड्यांची दारे दुसऱ्या बाजूच्या पाठीकडे असल्याने एका बंदिवानाला दुसऱ्याचा चेहरा दिसत नसे. ही इमारत बांधली बंदिवानांनीच.

येथे साधा हिशोब मांडून पाहावा. कोठड्यांची संख्या 693 होती. 1901 मध्ये वसाहतीत सुमारे 12,000 बंदिवान होते. म्हणजे इमारत पूर्ण भरली तरी सतरा बंदिवानांमागे एकाचीच सोय तीत होऊ शकत होती. उरलेले सोळा बराकींत, जंगलतोडीच्या तळांवर, विटांच्या भट्ट्यांवर आणि स्वावलंबी बंद्यांच्या गावांत होते. 1858 पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत अंदमानात पाठविलेल्या बंदिवानांची संख्या अभ्यासक सुमारे 80,000 धरतात. त्यांपैकी 1906 पूर्वी आलेल्या अनेकांनी ही इमारत पूर्ण स्वरूपात पाहिलीही नसेल. यावरून सेल्युलर तुरुंगाचे महत्त्व कमी होते असे मुळीच नाही. परंतु संपूर्ण शिक्षेचे तो एक अंग होता, तीही सुरुवातीच्या टप्प्याची जागा होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. राजकीय बंदिवानांच्या बाबतीत मात्र हा क्रम मोडण्यात आला. त्यांना बाहेरच्या टप्प्यांची सवलत सहसा मिळाली नाही आणि कोठडीतील काळ वर्षानुवर्षे लांबला. त्यांच्यासाठी कोठडी हीच वसाहत ठरली.

५. मराठी स्मृती आणि तिच्या मर्यादा

मराठी मनातील अंदमान मुख्यतः याच अपवादातून घडलेले आहे. नाशिकच्या अभिनव भारत मंडळींपैकी गणेश दामोदर सावरकर आणि वामन नारायण जोशी तेथे पाठविले गेले. विनायक दामोदर सावरकर 4 जुलै 1911 रोजी दोन जन्मठेपांची, म्हणजे पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन उतरले. सावरकर बंधूंना 1921 मध्ये हिंदुस्थानात परत आणण्यात आले. 1927 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथाने तेलाचा कोलू, काथ्याचे काम, दंडाबेडी, जेलर बारी आणि बंदिवानांवर नेमलेले बंदिवान-अंमलदार यांचे चित्र मराठी वाचकांच्या मनावर कायमचे कोरले. बारींद्रकुमार घोष व उपेंद्रनाथ बंद्योपाध्याय यांच्या आठवणींनी बंगालीत हेच कार्य केले. 1912 मध्ये इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास लावून घेतला आणि उल्लासकर दत्त यांना वेड लागले, हे या पिढीने पाहिले. 1932 नंतर क्रांतिकारकांचा दुसरा मोठा गट तेथे आला. 1933 च्या मे महिन्यातील उपोषणात महावीर सिंह, मोहनकिशोर नमोदास आणि मोहित मैत्र हे तिघे मृत्यू पावले. 1937 च्या दुसऱ्या उपोषणानंतर राजकीय बंदिवानांना परत पाठविणे सरकारला भाग पडले.

या वाङ्मयाचे ऋण कोणताही अभ्यासक अमान्य करणार नाही. परंतु त्याचा उपयोग करताना एक गोष्ट ओळखून असावे. लिहिणारे बंदिवान सुशिक्षित होते, त्यांना आपल्या शिक्षेचा अर्थ ठाऊक होता, आणि आपले म्हणणे ऐकणारा समाज मागे आहे याची त्यांना खात्री होती. ज्या शेतकऱ्याने बांधाच्या भांडणात माणूस मारला, ज्या स्त्रीला बालहत्येबद्दल जन्मठेप झाली, ज्या दरोडेखोराला साथीदारांसह पकडले, त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांच्याविषयी आपल्याला समजते ते गळ्यातील लाकडी बिल्ल्यावरच्या मजकुरातून, न्यायालयाच्या निकालातून, रुग्णालयाच्या वार्षिक अहवालातून आणि क्वचित एखाद्या विनंती-अर्जातून. हे सर्व कागद शासनाने आपल्या कामासाठी तयार केलेले आहेत. त्यांत बंदिवानाचा आवाज असला तरी तो लेखनिकाच्या भाषेत गाळून आलेला असतो. शिवाय राजकीय बंदिवानांच्या आठवणींत हे इतर बंदिवान बहुधा पहारेकरी, त्रास देणारे किंवा सुधारण्यास योग्य असे लोक म्हणूनच येतात. त्यांना स्वतःचे चरित्र मिळत नाही.

तथापि त्यांनी मागे काही ठेवलेच नाही, असे म्हणता येणार नाही. स्वावलंबी बंदी आणि सुटलेल्या बंदिस्त्रिया यांच्या विवाहांतून जी संतती वाढली, तिला तेथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या जातींतील आणि धर्मांतील माणसे एकत्र आल्यामुळे मूळ गावी अशक्य असलेले संबंध येथे जुळले, आणि हिंदुस्तानी ही सर्वांची बोलीभाषा झाली. परत आल्यावर जात आपल्याला घेईल काय, ही चिंता ज्याला होती, तो परत न जाणेच पसंत करू लागला. शिक्षेने तोडलेल्या संबंधांच्या जागी नवा समाज उभा राहिला. तो शासनाने हेतुपूर्वक घडविला नव्हता, आणि बंदिवानांनीही स्वखुषीने निवडला नव्हता. अंदमानातील सर्वांत मोठे स्मारक कोणते, असा प्रश्न विचारल्यास या समाजाकडे बोट दाखविणे अनुचित होणार नाही.

६. आजची शांतता

प्रवाशाला आज जी शांतता जाणवते, तिलाही इतिहास आहे. 26 जून 1941 च्या भूकंपाने रॉस बेटाला तडे गेले. 1942 च्या मार्चमध्ये जपानी सैन्य उतरले आणि 1945 पर्यंत बेटांवर त्याचा ताबा राहिला. सेल्युलर तुरुंग या काळात पुन्हा भरला, या वेळी हेरगिरीच्या संशयाने पकडलेल्या स्थानिक लोकांनी. डॉ. दिवाण सिंग यांचा छळामुळे 14 जानेवारी 1944 रोजी मृत्यू झाला, आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेस हम्फ्रीगंज येथे 44 जणांना गोळ्या घालण्यात आल्या. या घटनांच्या जेमतेम महिनाभर आधी, 30 डिसेंबर 1943 रोजी, नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे राष्ट्रध्वज फडकविला होता. या दोन्ही घटना एकाच गावाच्या आहेत आणि दोन्ही एकत्रच वाचल्या पाहिजेत.

युद्धानंतर रॉस ओस पडले. चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंतींना वडपिंपळांच्या जातीच्या झाडांची मुळे लपेटून बसली आहेत, आणि मध्येच चितळ चरताना दिसतात. हे दृश्य मनोहर आहे यात संशय नाही. परंतु येथे जे ढासळले आहे ते राज्यकर्त्यांचे घर आहे. बंदिवानांची बराक, त्यांचे तळ आणि झोपड्या मुळातच अशा साहित्याच्या होत्या की त्यांचे अवशेषही उरू नयेत. सेल्युलर तुरुंगाच्या सात बाजूंपैकी तीन उरल्या. बाकीच्या भूकंप, जपानी अंमल आणि स्वातंत्र्योत्तर पाडकाम यांत गेल्या. माजी राजकीय बंदिवानांनी आवाज उठविला म्हणूनच एवढा भाग वाचला आणि 11 फेब्रुवारी 1979 रोजी तो राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला. म्हणजे जे टिकले ते आपोआप टिकले नाही. ज्यांच्या बाजूने बोलणारे कोणी होते, त्यांची खूण राहिली.

नावांचेही असेच आहे. रॉस बेट 2018 पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले, माउंट हॅरिएट 2021 मध्ये माउंट मणिपूर झाला, आणि पोर्ट ब्लेअरला 2024 मध्ये श्री विजयपुरम् हे नाव मिळाले. वसाहतीच्या सत्तेची नावे पुसण्यामागील भावना समजण्यासारखी आहे. मणिपूरचे नाव तर 1891 च्या युद्धानंतर तेथे हद्दपार केलेल्या मणिपुरी बंदिवानांची आठवण ठेवते. अभ्यासकाने मात्र जुनी व नवी दोन्ही नावे टिपून ठेवावीत, कारण बंदिवानांचे सारे कागद जुन्या नावांखाली आहेत.

सर्वांत शेवटी भूमीकडे वळू. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपाने दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली. त्यामुळे पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाट परिसरातील सखल भातशेतीत भरतीचे पाणी शिरले आणि मोठा भाग कायमचा खाऱ्या पाण्याखाली गेला. पर्यटकाला त्या ठिकाणी एक विस्तीर्ण, शांत जलाशय दिसतो. गडबच्या किंवा खारेपाटातील कोणत्याही गावच्या शेतकऱ्याला मात्र तेथे पाण्याखालचे बांध दिसतील, आणि हे पाणी शेतात असता कामा नये हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. ही पाहण्याची दृष्टी ग्रंथांतून येत नाही. ती श्रमाच्या अनुभवातून येते, आणि अंदमानच्या अभ्यासाला तिची गरज आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून क्षेत्राभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे, याची दिशा स्पष्ट होते. सेल्युलर तुरुंग अवश्य पाहावा, पण तो शेवटी पाहावा. आधी नकाशा घेऊन बंदर पाहावे : रॉस, व्हायपर, ॲबर्डीन, होपटाउन. रस्ता कोणी केला, ही सपाट जमीन पूर्वी दलदल होती काय, या गावातील पहिले घर कोणी बांधले, हे विचारावे. जुन्या वस्तीतील वृद्धांकडून कुटुंबांच्या कथा, त्यांची संमती घेऊन, नोंदवाव्यात. आजोबा कोणत्या गुन्ह्यासाठी आले हे सांगण्याचा संकोच पुष्कळांना असतो. त्या संकोचाचा मान राखावा, आणि त्याचीही इतिहासाचे साधन म्हणून नोंद घ्यावी. आपल्याकडे ठाणे, रत्नागिरी, कुलाबा येथील जुन्या फौजदारी निकालांत जन्मठेप झालेल्या सामान्य माणसांची नावे आहेत. त्यांचा माग बेटापर्यंत काढण्याचे काम मराठीत फारच थोडे झाले आहे.

बेट रमणीय आहे, आणि तेथे जाऊन आनंद मानण्यात काही गैर नाही. ज्या सोळा जणांना कोठडी मिळाली नाही, त्यांचीच ही वाट, हा धक्का आणि हे शेत आहे, एवढे ठाऊक असले की त्या आनंदाला त्यांचा विसर पडण्याचे कारण उरत नाही.